चारशे चौथा विद्यार्थी

परीक्षांचे निकाल लागण्याचे दिवस आले की गावोगावच्या घरांतून दोन निरनिराळी दृश्ये दिसू लागतात. ज्या घरी अपेक्षेपेक्षा अधिक गुणांची गुणपत्रिका आली तेथे पेढे वाटले जातात आणि त्या मुलांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून झळकतात. ज्या घरी चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर गाडी अडली तेथे मात्र बोलणेच खुंटते. वडील कचेरीत जाताना शेजाऱ्याची नजर चुकवितात, आई नातेवाइकांचे दूरध्वनी टाळते आणि मुलगा दिवसदिवसभर कोपऱ्यात तोंड लपवून बसतो. पुढे महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्ज करावयाचा असतो, परंतु अर्जातील गुणांचा रकाना भरण्याचेही त्याला धैर्य होत नाही.

अशा वेळी समजूत घालायला आलेली वडीलधारी माणसे बहुधा थोरांचे दाखले देतात. अमका शास्त्रज्ञ शाळेत मागे पडला होता, तमका गणिती परीक्षेत नापास झाला होता, असे सांगितले जाते. या दाखल्यांचा हेतू चांगला असला तरी परिणाम थोडा असतो. आपल्या ठायी तशी अलौकिक प्रतिभा नाही हे त्या मुलाला पक्के ठाऊक असते. प्रतिभावंताचे अपयश ही परीक्षकाची चूक ठरते. सामान्य मुलाचे अपयश ही त्याची स्वतःचीच चूक मानली जाते. म्हणून त्याला खरा आधार वाटेल तो बेताच्या बुद्धीच्या, बेताचे गुण मिळविणाऱ्या आणि तरीही खचून न गेलेल्या विद्यार्थ्याचा. असा एक विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या जुन्या निकालपत्रात सापडतो. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी.

१८८७ च्या नोव्हेंबर महिन्यात हा अठरा वर्षांचा मुलगा मॅट्रिकच्या परीक्षेला बसला. त्या काळी ही परीक्षा विद्यापीठ स्वतःच घेत असे आणि तीत उत्तीर्ण झाल्यावाचून महाविद्यालयाचे दार उघडत नसे. परीक्षेची केंद्रे मुंबई व अहमदाबाद येथे होती. काठेवाडातील ज्या मुलांना मुंबईचा खर्च पेलत नसे ती जवळचे आणि स्वस्त म्हणून अहमदाबादला जात. मोहनदासही तेथेच गेला. राजकोटहून अहमदाबादपर्यंतचा एकट्याने केलेला त्याचा तो पहिलाच प्रवास होता.

निकाल लागला तेव्हा त्याला इंग्रजीत २०० पैकी ८९, गुजरातीत १०० पैकी ४५.५, गणितात १७५ पैकी ५९ आणि सामान्यज्ञानात १५० पैकी ५४ गुण मिळाले होते. एकंदर गुण ६२५ पैकी २४७.५, म्हणजे चाळीस टक्क्यांनाही थोडे कमीच. मातृभाषेतही निम्मे गुण नाहीत आणि गणितात तर जेमतेम एक तृतीयांश. त्या वर्षी सुमारे ३,००० विद्यार्थी परीक्षेस बसले होते व त्यांतील बहुसंख्य नापास झाले होते, तेव्हा नुसते उत्तीर्ण होणे हेही काही कमी नव्हते हे खरे. तथापि उत्तीर्णांच्या यादीत मोहनदासचा क्रमांक ४०४ वा होता. त्यावरून पुढच्या कर्तृत्वाचा अंदाज बांधणे कोणाही परीक्षकाला शक्य नव्हते.

या गुणांमागे जे शालेय जीवन होते तेही असेच चढउतारांचे होते. वडील करमचंद गांधी पोरबंदरचे आणि नंतर राजकोटचे दिवाण. मुलगा लाजाळू, शाळा सुटताच कोणाशी बोलावे लागू नये म्हणून धावत घरी जाणारा. तेराव्या वर्षी त्याचे लग्न झाले आणि त्या गडबडीत शाळेचे एक वर्ष वाया गेले. ते भरून काढण्यासाठी शिक्षकांनी त्याला तिसऱ्या इयत्तेतून सहाच महिन्यांत चौथीत घातले. चौथीपासून बहुतेक विषय इंग्रजीतून शिकविले जात. इंग्रजीवर पकड नाही आणि भूमिती तर नवीनच, अशा दुहेरी अडचणीत तो सापडला. परत तिसरीत जाऊन बसावे असे त्याच्या मनात अनेकदा आले. परंतु तसे केल्यास ज्या शिक्षकांनी विश्वासाने पुढे ढकलले त्यांनाही कमीपणा येईल, या विचाराने तो थांबला. युक्लिडच्या तेराव्या सिद्धान्तापर्यंत कसाबसा पोहोचल्यावर एकाएकी त्याला उमगले की, येथे पाठांतराचे काम नाही, सरळ विचार केला की पुरते. त्या दिवसापासून भूमितीची धास्ती उरली नाही.

संस्कृतची कथा याहून बोलकी आहे. संस्कृतचे शिक्षक कडक होते, पाठांतराचा भार मोठा होता. फारसीचे शिक्षक मवाळ आणि विषयही सोपा, असे मुले आपसांत बोलत. सहावीत असताना मोहनदासचा धीर सुटला आणि एके दिवशी तो फारसीच्या वर्गात जाऊन बसला. संस्कृतचे शिक्षक कृष्णशंकर पंड्या यांनी त्याला शिक्षा केली नाही. त्यांनी त्याला बोलावून घेतले, वैष्णव घराण्यातल्या मुलाने आपल्या धर्माची भाषा सोडू नये अशी आठवण दिली, आणि अडेल तेथे आपल्याकडे यावे असे आश्वासन दिले. मुलगा शरमला आणि परतला. पुढे धर्मग्रंथांचा अभ्यास करताना जे थोडेफार संस्कृत उपयोगी पडले, त्याचे श्रेय गांधीजींनी आपल्या आत्मचरित्रात या शिक्षकांना दिले आहे. पळ काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकाच्या चार शब्दांनी माघारी आणता येते, हे या प्रसंगाइतके स्पष्टपणे दुसरे क्वचितच दिसेल.

पाचवी-सहावीत त्याला दरमहा ४ व १० रुपयांच्या शिष्यवृत्त्याही मिळाल्या होत्या. त्या सोरठ प्रांतातील मुलांसाठी राखीव होत्या आणि वर्गात सोरठची मुले थोडीच असल्यामुळे आपल्या गुणांपेक्षा नशिबाचाच त्यात वाटा अधिक होता, असे त्यांनी पुढे प्रांजळपणे नमूद केले. याच वर्षांत घरी वडील दीर्घ आजारी होते. शाळेतून आल्यावर मुलाचा वेळ त्यांच्या शुश्रूषेत जाई. १८८५ मध्ये वडील वारले. कुटुंबाचे उत्पन्न घटले, आणि घरात शिकेल अशी आशा ज्याच्याकडून करावी असा हाच एक मुलगा राहिला. मॅट्रिकचे ते २४७.५ गुण या पार्श्वभूमीवर पडलेले होते. गुणपत्रिकेत मात्र पार्श्वभूमीला रकाना नसतो.

निकालानंतर महाविद्यालयाचा प्रश्न आला. मुंबई महाग, म्हणून भावनगरचे सामळदास महाविद्यालय निवडण्यात आले. जानेवारी १८८८ मध्ये मोहनदास तेथे दाखल झाला. अध्यापक नावाजलेले होते. पण इंग्रजीतून चाललेल्या व्याख्यानांत त्याला काही कळेना आणि गोडीही वाटेना. दोष अध्यापकांचा नव्हता, आपलीच तयारी कच्ची होती, असा निर्वाळा त्यांनी नंतर दिला. पहिले सत्र संपताच तो घरी परतला. मॅट्रिकच्या बेताच्या गुणांपेक्षा हे अपयश अधिक जिव्हारी लागणारे होते, कारण येथे दार उघडले असूनही आत पाऊल टिकले नव्हते.

गांधी कुटुंबाचे जुने स्नेही मावजी दवे यांनी या वेळी एक निराळीच वाट सुचविली. बी.ए. होण्यास चार-पाच वर्षे लागतील आणि त्यानंतर साठेक रुपयांची नोकरी मिळेल. त्यापेक्षा विलायतेस जाऊन तीन वर्षांत बॅरिस्टर व्हावे, असा त्यांचा हिशेब होता. भावनगरच्या अभ्यासक्रमाने गांजलेल्या मुलाला ही कल्पना एकदम पटली. त्यात महत्त्वाकांक्षा होती तशीच सुटकेची इच्छाही होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु खर्च कोण करणार? पोरबंदर संस्थानाचा कारभार तेव्हा लेली नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती होता. संस्थानाने मदत द्यावी ही विनंती घेऊन मोहनदास धोराजीपर्यंत बैलगाडीने आणि तेथून एक दिवस वाचावा म्हणून उंटावर बसून पोरबंदरला गेला. काय बोलावयाचे ते त्याने घोकून ठेवले होते. लेलीसाहेब जिना चढत होते. चढता चढताच त्यांनी आधी पदवीधर हो, मग ये, एवढेच सांगून त्याची बोळवण केली. एका वाक्यात मिळालेला हा नकार पुढे लंडनपर्यंत त्याच्या कानांत घुमत राहिला.

शेवटी थोरल्या भावाने पैसे उभे करण्याचे पत्करले. आईने मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ घ्यावयास लावून परवानगी दिली. राजकोटच्या शाळेने निरोपसमारंभ केला, तेव्हा आभाराचे लिहून आणलेले चार शब्दही त्याला धड वाचता आले नाहीत. मुंबईत ज्ञातीच्या पंचांनी समुद्र ओलांडण्यास मनाई केली आणि तो ऐकत नाही असे पाहून बहिष्कार घातला. अखेर ४ सप्टेंबर १८८८ रोजी, पत्नी आणि काही महिन्यांचा मुलगा यांना मागे ठेवून, मोहनदास मुंबईच्या बंदरातून निघाला.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला विलायतेस पाठविणे हा उपाय सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातला त्या काळीही नव्हता आणि आजही नाही. दिवाणाच्या घराला निदान कर्ज काढण्याइतकी पत होती. कारकुनाच्या किंवा शेतकऱ्याच्या मुलाला ती नसते. तेव्हा गांधीजींच्या चरित्रातील हा भाग अनुकरणीय म्हणून पुढे ठेवणे अन्यायाचे होईल. खरा धडा त्यापुढच्या अपयशात आहे, कारण ते परक्या देशात, एकट्याने आणि अगदी तुटपुंज्या साधनांनिशी सोसलेले अपयश होते.

लंडनला पोहोचल्यावर ६ नोव्हेंबर १८८८ रोजी त्याने इनर टेंपल या संस्थेत कायद्याच्या अभ्यासासाठी नाव नोंदविले. पहिले काही महिने इंग्रज सद्गृहस्थ बनण्याच्या हौसेत गेले. उंची पोशाख झाला, नृत्याची शिकवणी झाली, व्हायोलिनही विकत घेऊन झाले. तीनेक महिन्यांत ही हौस फिटली आणि आपण विद्यार्थी आहोत याची आठवण झाली. बॅरिस्टरीची परीक्षा तेव्हा फारशी अवघड नव्हती. ठराविक सत्रे भरावयाची, त्या सत्रांतील ठराविक भोजनांना उपस्थित राहावयाचे आणि दोन परीक्षा द्यावयाच्या. रोमन कायद्याच्या परीक्षेत तर शंभरातले पंचाण्णवांहून अधिक विद्यार्थी उत्तीर्ण होत. तेव्हा स्वस्थ बसूनही तो बॅरिस्टर झाला असता.

परंतु त्याचे मन स्वस्थ नव्हते. इंग्रजी कच्चे असल्याची टोचणी होती. लेलीसाहेबांचे ते जिन्यावरचे उद्गारही विसरले जात नव्हते. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा खर्च आणि कालावधी झेपणारा नव्हता. एका मित्राने सुचविले की, खरोखरच कठीण परीक्षा देण्याचे समाधान हवे असेल तर लंडन विद्यापीठाची मॅट्रिक द्यावी. खर्च जवळजवळ नाही आणि सामान्य ज्ञानात भर पडेल. अभ्यासक्रम पाहून मोहनदास दचकला. लॅटिन आणि एक अर्वाचीन भाषा सक्तीची होती. लॅटिनचे एक अक्षर येत नव्हते. मित्राने त्यावरही समजावले की वकिलाला लॅटिनचा उपयोग होतो, रोमन कायद्याची एक प्रश्नपत्रिका तर सबंध लॅटिनमध्येच असते. त्याने एका खाजगी वर्गात नाव घातले. परीक्षा दर सहा महिन्यांनी होत असे आणि पुढच्या परीक्षेला पाचच महिने उरले होते. त्याने मिनिटामिनिटाचे वेळापत्रक आखले, लॅटिन आणि फ्रेंच अशा दोन भाषा व इतर विषय एकदमच हाती घेतले, आणि परीक्षेला बसला.

निकाल लागला. लॅटिनमध्ये तो नापास झाला होता.

वीस-एकवीस वर्षांचा तरुण. राजकोटच्या शाळेत रडतखडत पुढे सरकलेला, मुंबई विद्यापीठात ४०४ वा आलेला, भावनगरहून सहा महिन्यांत परतलेला, आणि आता लंडनमध्येही अनुत्तीर्ण. घरी थोरला भाऊ कर्ज काढून पैसे पाठवीत होता. शिवाय ही परीक्षा सक्तीची नव्हती. ती सोडून दिली असती तर कोणी विचारलेही नसते. आपल्याला हे जमणार नाही, असा निष्कर्ष काढण्यास यापेक्षा सबळ पुरावा कोणता हवा होता?

मोहनदासने तो निष्कर्ष काढला नाही. त्याला वाईट वाटले, पण तो हताश झाला नाही. त्याने केले ते अगदी साधे होते आणि म्हणूनच ते कोणाही विद्यार्थ्याला करता येण्यासारखे आहे. त्याने निकाल बारकाईने तपासला. लॅटिनमध्ये आपण पडलो, तथापि या पाच महिन्यांत त्या भाषेची गोडी लागली आहे, तेव्हा ती सोडावयाची नाही. फ्रेंच ठीक झाली आहे, आणखी सहा महिन्यांत ती अधिक सुधारेल. रसायनशास्त्र मात्र आपण हिंदुस्थानात सक्तीचे होते म्हणून केवळ सवयीने घेतले; प्रयोगांवाचून त्यात रस वाटत नाही, तेव्हा ते बदलावे. त्याऐवजी त्याने उष्णता आणि प्रकाश हा विषय घेतला. तो सोपा असल्याचे ऐकले होते आणि तसाच तो निघाला. जो विषय नडला तोच त्याने धरून ठेवला, आणि जो केवळ रूढीने घेतला होता तो टाकून दिला. नापास झालेला विद्यार्थी पुष्कळदा याच्या नेमके उलट करतो.

दुसरी गोष्ट त्याने केली ती राहणीची. आपले घर काही श्रीमंत नाही, भाऊ ओढाताण करून पैसे पाठवितो, आणि आपण मात्र दोन खोल्यांत राहतो हे त्याला खटकू लागले. आपल्याहून कितीतरी साधेपणाने राहणारे गरीब विद्यार्थी लंडनमध्ये होते, हेही त्याच्या ध्यानी आले. त्याने दोन खोल्या सोडून एक घेतली. एक शेगडी विकत आणली. सकाळी ओटची पेज आणि कोको खोलीतच करावयाचा, दुपारी बाहेर जेवावयाचे, रात्री पुन्हा कोको आणि पाव. दिवसाचा जेवणखर्च १ शिलिंग ३ पेन्सवर आला. वाहनाचे पैसे वाचविण्यासाठी पायी हिंडणे तर आधीच सुरू झाले होते. रोज आठ-दहा मैल चालणे होई. या काटकसरीमुळे जीवन रुक्ष झाले नाही, उलट मनाला एक प्रकारची शांती लाभली आणि अभ्यासाला वेळ मिळाला, अशी त्यांनी पुढे साक्ष दिली आहे. ज्या साध्या राहणीसाठी पुढे सारे जग त्यांना ओळखू लागले, तिचा पाया एका अनुत्तीर्ण विद्यार्थ्याच्या एका खोलीत, फेरपरीक्षेच्या तयारीत घातला गेला होता.

जून १८९० मध्ये मोहनदास लंडनची मॅट्रिक उत्तीर्ण झाला.

येथे ही कथा थांबविली तर ती बोधकथेसारखी गोड होईल. चरित्र मात्र इतके सोयीचे नसते. १० जून १८९१ रोजी तो बॅरिस्टर झाला आणि दोनच दिवसांनी मायदेशी निघाला. मुंबईत त्याने गिरगावात बिऱ्हाड केले आणि उच्च न्यायालयापर्यंत पायी खेपा घालू लागला. काम मिळेना. लघुवाद न्यायालयात एक छोटा दावा मिळाला, तेव्हा उलटतपासणीसाठी उभे राहताच डोके गरगरू लागले आणि एकही प्रश्न न विचारता तो खाली बसला. फी परत करून दावा दुसऱ्या वकिलाकडे सोपविला. याच सुमारास एका नावाजलेल्या शाळेची जाहिरात त्याच्या पाहण्यात आली. रोज एक तास इंग्रजी शिकविण्यासाठी शिक्षक हवा, पगार ७५ रुपये. त्याने अर्ज केला, मुलाखतीचे बोलावणे आले, मोठ्या उमेदीने तो गेला. मुख्याध्यापकांनी विचारले तेव्हा तो पदवीधर नसल्याचे उघड झाले. लंडनची मॅट्रिक लॅटिन ही दुसरी भाषा घेऊन उत्तीर्ण झाल्याचे त्याने सांगून पाहिले. उपयोग झाला नाही. त्यांना पदवीधरच हवा होता. ज्या परीक्षेसाठी कोको आणि पावावर दिवस काढले, तिला मुंबईच्या बाजारात ७५ रुपयांचीही किंमत आली नाही. सहा महिन्यांत बिऱ्हाड मोडून तो राजकोटला परतला आणि लोकांचे अर्ज लिहून देऊ लागला.

मग ते लॅटिन व्यर्थच गेले काय? १८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथील कायद्याचा पाया रोमन-डच परंपरेचा होता. लंडनमध्ये रोमन कायदा लॅटिनमधून वाचून काढल्याचा तेथे फार उपयोग झाला. पण त्याहून महत्त्वाची शिदोरी निराळी होती. दादा अब्दुल्लांचा खटला बव्हंशी हिशेबांचा होता. जमाखर्चाच्या वह्या, नोंदी, नावे-जमा यांतले गांधीजींना काही कळत नव्हते. कागदपत्रांत वारंवार येणाऱ्या पी. नोट या संक्षेपाचा अर्थ वचनचिठ्ठी असा आहे, हेही त्यांना विचारून घ्यावे लागले. शाळेत हा विषय शिकविला गेला नव्हता आणि विलायतेतही नाही. त्यांनी हिशेबलेखनाचे एक पुस्तक विकत आणले आणि ते अभ्यासले. खटला समजला, आत्मविश्वास आला, आणि पुढे दोन्ही पक्षांत तडजोड घडवून आणण्यापर्यंत मजल गेली. काय येत नाही ते न लाजता ओळखावे, पुस्तक आणावे आणि प्रारंभापासून शिकावे, ही लॅटिनच्या वेळची रीतच येथे पुन्हा उपयोगी पडली. आफ्रिकेतील तुरुंगात तमिळ आणि १९२२ ते १९२४ या काळात पुण्याच्या येरवडा तुरुंगात उर्दू शिकताना पन्नाशी उलटलेला हा विद्यार्थी त्याच रीतीने बसलेला दिसतो.

आपल्या शालेय अपयशाविषयी गांधीजींनी पुढे दोन निरनिराळे निर्णय दिले आणि दोन्ही लक्षात घेण्यासारखे आहेत. काही दोष त्यांनी स्वतःकडे घेतले. हस्ताक्षर चांगले असण्याची शिक्षणात गरज नाही अशी चुकीची समजूत त्यांनी विद्यार्थिदशेत करून घेतली होती. आफ्रिकेत वकिलांची मोत्यासारखी अक्षरे पाहून त्यांना लाज वाटली आणि हा आळस आयुष्यभर सलत राहिला. परंतु सर्व दोष त्यांनी स्वतःच्या माथी मारला नाही. अंकगणित, भूमिती, बीजगणित, रसायनशास्त्र हे विषय शिकण्यात इंग्रजी माध्यमामुळे चार वर्षे गेली. गुजरातीतून ते एका वर्षात आले असते, असे त्यांनी १९३८ मध्ये लिहिले. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत त्यांनी मातृभाषा आणि हस्तोद्योग यांवर आधारलेल्या शिक्षणाची योजना मांडली. तिच्या यशापयशाविषयी मतभेद आहेत. परंतु तिच्या मुळाशी राजकोटच्या वर्गात परक्या भाषेतील भूमितीसमोर गोंधळून बसलेला एक मुलगा होता, हे विसरता येत नाही.

म्हणजे कमी गुण मिळाले की त्यात माझे किती आणि व्यवस्थेचे किती, याचा ताळेबंद प्रामाणिकपणे मांडावा लागतो. सारे खापर परीक्षेवर फोडणारा विद्यार्थी सुधारत नाही. सारे स्वतःवर ओढून घेणारा मोडून पडतो. पालक आणि शिक्षक यांनी मदत करावयाची ती हा ताळेबंद मांडण्यात. कृष्णशंकर पंड्यांसारखा एखादा शिक्षक वेळीच बोलावून घेतो तेव्हा मुलगा माघारी येतो. लेलीसाहेबांसारखा जिना चढता चढता बोललेला अधिकारी मात्र जन्मभराचा ओरखडा ठेवून जातो. निकालाच्या दिवसांत आपल्या हातून यांपैकी कोणते घडते, हे प्रत्येक वडीलधाऱ्याने स्वतःला विचारण्याजोगे आहे.

१८८७ च्या त्या यादीत मोहनदासच्या वर ४०३ नावे होती. त्यांना हिणविण्याचे कारण नाही. त्यांनी अधिक अभ्यास केला असेल, अधिक गुण मिळविले होतेच, आणि त्यांतून अनेक चांगले शिक्षक, वकील आणि कारकून निपजले असतील. यादी खोटी नव्हती. त्या नोव्हेंबरात, चार विषयांत, त्या मुलाला काय लिहिता आले एवढे तिने बरोबर सांगितले. त्यापलीकडचे सांगण्याचे सामर्थ्य तिच्यात नव्हते आणि कोणत्याच यादीत ते नसते. पुढचे सारे ठरले ते लंडनच्या निकालानंतर, जेव्हा अनुत्तीर्ण विद्यार्थ्याने एक विषय बदलला, एक खोली सोडली आणि लॅटिनचे तेच पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडले तेव्हा.